हरिहरवर चढलेली म्हैस

सिंहगडावर गाडी वरपर्यंत जाते आणि उतरल्याबरोबर हातात गरम भज्यांची प्लेट येते. याला पुण्याची माणसं गड चढणं म्हणतात. हे मी माझ्या व्याह्यांना मुलीच्या साखरपुड्यातच ऐकवलं होतं. ते म्हणाले, "मी दर रविवारी सिंहगड चढतो." मी म्हणालो, "आमच्या हरिहरला या एकदा. भिंतीसारखा उभा कडा, त्यात कोरलेल्या पायऱ्या, बोटं रुतवायला खोबण्या. डझनभर वेळा चढलोय मी. एकदा तर एका हातात मिसळीचा डबा होता. रश्शाचा थेंब सांडला नाही."

नाशिकबद्दल मी बोलायला लागलो की समोरच्याला रश्शाचा वास येतो. त्र्यंबक रस्त्याला लागलं की दोन्हीकडचे डोंगर माझ्या वडिलांनीच रचून ठेवलेत, अशा थाटात मी गाडी चालवतो. अंजनेरी, ब्रह्मगिरी, पहिन्याचे धबधबे, वैतरणेचं धरण. नात्यात कुणाकडेही पाहुणे आले की ते दाखवायला बोलावणं मला येतं. माझी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, स्टोअरमध्ये, नटबोल्ट मोजण्यात गेली. पण बाहेर मी सांगतो की चिमणीच्या टोकावर बसून डबा खायचो आणि तिथून मला चांदवडचे कांदे दिसायचे.

आता खरं सांगतो. हरिहरला मी चार वेळा गेलो होतो आणि चारही वेळा पायऱ्यांच्या खाली बसलो होतो. कड्याच्या पायथ्याशी एक मावशी काकड्या विकतात. बाकीचे वर जायचे. मी मावशींच्या ताडपत्रीखाली तिखट-मीठ लावलेली काकडी खात सगळ्यांच्या पिशव्या राखायचो. मला उंचीची भीती वाटते. आमच्या घरात स्टुलावर चढून बल्ब बदलायचं काम बायको करते.

भाऊबीज आटोपली आणि व्याही आले. हातात काठी, पायात कोरे करकरीत बूट. "चला, कुठंय तुमचा हरिहर?" बायकोनं तिखट पुऱ्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "काकड्या बेतानं खा."

वाटेत मी बरेच प्रयत्न केले. पहिन्याला थांबून निसर्ग दाखवला. त्र्यंबकला दर्शनाची रांग किती छान लांब आहे ते दाखवलं. माझा गुडघाही दोनदा दुखला. व्याही म्हणाले, "डझनभर वेळा चढलेला गुडघा आहे, दुखणारच." शेवटी हर्षेवाडी आली, तासाभराची चढण संपली आणि तो कडा समोर उभा राहिला. आणि त्याच्या आधी मावशी.

"या बाबा! लय दिवसांनी! बसा, तुमची जागा झाडून ठेवलीय."

"तुमची जागा?" व्याह्यांनी भुवई उंचावली.

माझं तोंड उतरलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग व्याह्यांच्या बुटांकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं. "जागा म्हंजे वरून आल्यावर बसायची हो! हे बाबा लय चढत्यात. मागल्या टायमाला तर दोन बाऱ्या गेले. चष्मा वरच इसरला म्हून."

उभ्या नाशिक जिल्ह्यात माझ्या तोडीचं माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं. पण त्यांनी मला वाचवता वाचवता पुरतं बुडवलं. कारण व्याही बाजूला सरले आणि हात पुढे करून म्हणाले, "मग अनुभवी माणसानं पुढं व्हावं."

आता मागे फिरलो असतो तर मिसळ, चिमणी, चांदवडचे कांदे, सगळं एका दमात खोटं पडलं असतं. माझं एक वेळ ठीक. पण मुलीला सासरी प्रत्येक दिवाळीला ऐकावं लागलं असतं, "तुझे बाबा ना, काकड्या छान खातात." मी पुऱ्यांचा डबा मावशींकडे ठेवला आणि पहिल्या खोबणीत बोटं घातली.

वर पाहिलं तर आभाळ, खाली पाहायचं नाही असं ठरलेलं. म्हणून मी फक्त समोरचा दगड पाहत होतो. पंचवीस-तीस पायऱ्या झाल्या असतील. खालून व्याह्यांचा बारीक आवाज आला.

"व्याही, मला पुढं जमत नाही."

"मग खाली उतरा."

"खाली तर त्याहून जमत नाही."

माझीही गत तीच होती, पण तोंड ठीक होतं. माझं तोंड कायम ठीक असतं. मी दगडाकडे बघतच म्हणालो, "व्याहीबुवा, याच पायऱ्यांवरून माझ्या आजोबांनी म्हैस वर चढवली होती."

"म्हैस?"

"गाभण."

"कशाला पण?"

"एक पाय वर ठेवा, मग सांगतो."

खाली बूट घासल्याचा आवाज आला. "ठेवला."

"वर तळं आहे. तिला डुंबायचा डोहाळा लागला होता. आता दुसरा पाय."

असं एकेका पायरीला एकेक वाक्य देत मी ती म्हैस चढवली. मध्येच ती रुसून बसली. एका माकडानं तिची शेपटी ओढली. तिला राग येऊन ती एका दमात सात पायऱ्या चढली, तेव्हा आम्हीही चढलो. व्याही हसत होते, आणि हसणाऱ्या माणसाला थरथरायला वेळ मिळत नाही हे मला माझ्यावरूनही कळत होतं. वरच्या चिंचोळ्या दरवाज्यात म्हशीची शिंगं अडकली, आणि मी बघतो तर तो दरवाजा माझ्या डोक्यावर!

माथ्यावर वारा असा की मिशी उडून वैतरणेच्या धरणात पडायची. तळ्याकाठी बसलो. चारी बाजूंना माझे डोंगर. आजवर मी त्यांची फुकट फुशारकी मारत होतो. त्या दिवशी छाती खरंच फुगली. त्या भरात मी बोलून गेलो, "व्याही, मी आज पहिल्यांदा वर आलो."

त्यांनी कोरे बूट काढून पाय तळ्यात सोडले. मग म्हणाले, "मी सिंहगडावर गाडीनंच जातो. भजी मात्र दोन प्लेट खातो."

हे बोलणं तळ्यापाशीच ठेवायचं ठरलं. उतरताना शिडीवरून उतरावं तसं तोंड कड्याकडे करून, उलट्या पावलांनी यावं लागतं. म्हैसही तशीच उतरली होती, असं मी व्याह्यांना सांगत आलो.

खाली आल्या आल्या व्याह्यांनी विहीणबाईंना फोन लावला. "अगं, हजार पायऱ्या! सरळ उभ्या! यांच्या आजोबांनी इथून म्हैस चढवली होती, गाभण!" पायऱ्या शंभराच्या आसपास आहेत. मी दुरुस्त केलं नाही. पलीकडून बहुधा विश्वास बसेना, कारण त्यांनी फोन मावशींच्या तोंडापुढे धरला. "तुम्हीच सांगा हो मावशी."

मावशी काकडी चिरत होत्या. सुरी न थांबवता म्हणाल्या, "व्हय ताई. तिची नात अजून आमच्या गोठ्यात हाय. दूध लय दाट."

मग त्यांनी दगडावरची धूळ पदरानं झटकली आणि मला बसा म्हणून खुणावलं. मी ऐटीत बसलो. वरून आल्यावर बसायची जागा होती ती.