भाविकाचा पिक्चर

घरतांची भाविका काय काम करते हे लोकांना सांगून सांगून तिची आई रंजिता दमून गेली होती. हळदीकुंकवाला, लग्नात, नेरूळच्या भाजीबाजारात कोणी ना कोणी विचारायचंच. पिक्चरमध्ये आहे म्हटलं की समोरची बाई भाविकाचा चेहरा आठवायला लागायची. मग रंजिता सांगायची, दिसत नाही ती, कापते. परदेशातले ते उडणाऱ्या हीरोंचे पिक्चर असतात ना, त्यातला हीरो खरं तर दोरीला लटकलेला असतो. ती दोरी पुसायची आणि हीरोला कडेकडेने कापून मागच्या चित्रापासून वेगळा काढायचा. मग मागे आकाश लावा, आग लावा, नाहीतर कोसळणारं शहर लावा. एका सेकंदात चोवीस चित्रं, आणि प्रत्येक चित्रात केस वेगळे उडालेले. समोरची बाई मान हलवायची आणि विचारायची, मग कायम आहे का?

कापायचा हात भाविकाला लहानपणापासूनच होता. दुसरीत असताना तिने थोरल्या काकांच्या लग्नाच्या फोटोतून नवरदेवालाच बाहेर काढलं होतं. मिशीचं टोक, मुंडावळ्यांचा एकेक मणी शाबूत. फोटोत काकी एकटीच हसत राहिली. काका अजूनही तो काढून दाखवतात आणि म्हणतात, हिनेच मला पहिलं मोकळं केलं.

पुढे बारावीनंतर तिने अॅनिमेशनचा कोर्स केला आणि महाप्याच्या एका स्टुडिओत लागली. काम देणाऱ्यांचा दिवस आपल्या रात्री सुरू होतो, म्हणून रात्रपाळी. सकाळी घरी यायची तेव्हा डोळे लाल झालेले असायचे. रंजिता डबा भरायचं सोडून तिच्या डोळ्यांत थेंब घालायची. भाविका वर छताकडे बघत सांगायची, आज हीरोच्या कपड्यांचा रंग बदलला. महिनाभर कापलेलं सगळं पुन्हा. रंजिताला हे समजायचं नाही. शिवतानाच ठरवत नाहीत का रंग? भाविका म्हणायची, कपडे शिवतच नाहीत गं मम्मी, तेसुद्धा कॉम्प्युटरवर. शूटिंग झालं तरी काहीच ठरलेलं नसतं. ठरलेली असते ती फक्त लागायची तारीख, दोन वर्षं आधी. तारीख हलत नाही, माणसं हलतात.

रंजिता बीकॉम झालेली, पतपेढीत नोकरी करणारी बाई. तिला एकच काळजी होती, ही नोकरी सोडेल. रोहिदास, भाविकाचे वडील, उरणला कंटेनर यार्डात होते, निवृत्तीला आलेले. शेतजमीन सरकारने घेतल्यावर बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरची इमारत भावाभावांत वाटली गेली होती. पोरीच्या हातात कायमचं काहीतरी हवं. आणि भाविका सुट्टीच्या दिवशीही घरात नसायची. कोर्समधला तिचा मित्र धनेश मिठागरातल्या एका बाईवर छोटासा मराठी पिक्चर काढत होता, त्याचं एडिटिंग ती दोन वर्षं करत होती. रंजिता त्याला धनेशचं काम म्हणायची, नळ गळतो म्हणावं तशा आवाजात. मध्यंतरी एकदा तिने सरळ विचारलं होतं, महापे सोडायचा विचार आहे का? भाविका म्हणाली, "माझा पिक्चर लागू दे, मग बघते."

ते वाक्य रंजिताच्या मनात बसलं. पिक्चर लागला, पोरीचं नाव पडद्यावर आलं, चारचौघांनी कौतुक केलं, की सोडायचं नाव काढणार नाही.

नावाचं महत्त्व त्या घराला वेगळं सांगायला नको होतं. रंजिताची सासू गोजरा धवलारीण होती. आगरी लग्नात धवले गाऊन विधी लावणारी. देवांना, गेलेल्या माणसांना, मांडवातल्या सोयऱ्यांना ती एकेकाचं नाव घेऊन बोलवायची. नाव चुकलं तर माणूस जेवायला बसायचा नाही. अक्षरओळख नव्हती, पण चार पिढ्यांची नावं तिच्या तोंडात होती.

एका सकाळी तिने भाविकाला विचारलं, तेच तेच मारामारीचे खेल बगाला लोक पुना पुना का जातान? भाविका हसली. तुझे धवले का ऐकतात गं? सगळ्यांना पुढचं माहीत असतं तरी बसतात ना. लोकांना अगदी नवीन नको असतं आजी, ओळखीचंच पण थोडं नवीन हवं असतं. आणि हे लोक हुशार आहेत. सगळी नावं सरकून गेली की शेवटी एक तुकडा दाखवतात, पुढच्या पिक्चरचा. तो चुकला तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात, कॉलेजात गप्पांमध्ये माणूस बाहेर पडतो. म्हणून कोणी उठत नाही. हल्ली दुसऱ्या पिक्चरवाल्यांनाही तेच हवं असतं. एकटी, स्वतःपाशी संपणारी गोष्ट घेऊन गेलं की विचारतात, याचा दुसरा भाग कुठाय?

रंजिताने यातलं एवढंच ऐकलं की नावं सरकेपर्यंत कोणी उठत नाही. म्हणजे सगळे वाचणार.

शुक्रवारी माझा पिक्चर लागणार असं भाविकाने आठवड्याआधी सांगितलं. जाहिराती तर बसच्या पाठीवरसुद्धा होत्या. रंजिताने पुतण्याला, कल्पेशला गाठून स्टेशनजवळच्या मॉलमधली संध्याकाळच्या खेळाची तिकिटं काढायला लावली. दोन्ही दीर-जावा, नणंद, पतपेढीतल्या दोघी, गोजरा, सगळ्यांना सांगितलं, भाविकाला मात्र नाही. तिला दुपारी फोन करून एवढंच म्हणाली, साडेचारला मॉलच्या दारात ये.

भाविका आली आणि थबकली. काकी लग्नातली साडी नेसून उभी, आजीच्या अंबाड्यात अबोलीचा गजरा, पप्पा यार्डातून रजा घेऊन आलेले. "तुम्ही सगळे आलात?" असं म्हणताना तिचा आवाज बारीक झाला. रंजिताने तिचं असं तोंड बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, जमलं आपलं.

वर सरकत्या जिन्यावर गोजराला दोघांनी धरून चढवलं. वर गेल्यावर कल्पेश सगळ्यांना घेऊन डावीकडे मोठ्या पडद्याकडे निघाला. भाविका उजवीकडे वळली होती. दोन पावलं जाऊन ती थांबली, कल्पेशच्या मोबाईलवरची तिकिटं तिने पाहिली आणि त्यांच्यामागे आली.

खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि तिच्या मोबाईलचा उजेड पडला. तिने वाचलं, मोबाईल पालथा घातला. पडद्यावर शहर कोसळत होतं. कल्पेश शिट्ट्या मारत होता. गोजराने कानात बोटं घातली होती. रंजिता मात्र एकेक चेहरा, केसांची एकेक बट निरखत होती. ही हिने कापली असेल का, की ती?

शेवटी नावं सुरू झाली. खरंच कोणी उठलं नाही. नावं वर जात होती, पाण्यासारखी, न संपणारी. काकीने विचारलं, आलं का? रंजिता म्हणाली, थांबा. शेकडो नावांनंतर महाप्याच्या स्टुडिओचं नाव आलं आणि त्याखाली लगेच दुसऱ्या कुठल्या स्टुडिओचं.

"तुजा नाव कवा येल गो?" गोजराने विचारलं.

"यात नाय येत आजी. आमच्यासारख्यांची नावं नाही देत, कंपनीचं देतात."

"मग तू म्हणालीस की माझा पिक्चर लागतोय," रंजिता म्हणाली.

"लागला होता." भाविका पडद्याकडेच बघत होती. "त्या टोकाच्या छोट्या पडद्यावर. पाच वाजताचा खेळ. एकही तिकीट खपलं नव्हतं म्हणून रद्द केला. धनेशचा मेसेज आला मघाशी."

तेवढ्यात पुढच्या भागाचा तुकडा लागला आणि लोक ओरडले. रंजिताला काही ऐकू आलं नाही. ती आपल्या रांगेकडे बघत होती. दीर, जावा, नणंद, पतपेढीतल्या दोघी. त्या छोट्या पडद्यावर एवढी माणसं पुरली असती, खेळ सुरू झाला असता. तिनेच सगळ्यांना गोळा करून शेजारच्या दारातून आत नेलं होतं. "आधी सांगायचं नाही का?" ती हळूच म्हणाली.

"सांगितलं की. माझा म्हटलं मी."

शनिवारी त्या छोट्या पडद्यावरही मोठाच पिक्चर लागला. पनवेलला सकाळी नऊचा एक खेळ होता. सगळ्यांनी जायचं ठरेपर्यंत तोही काढला. धनेश फोनवर म्हणाला म्हणे, तू कापलेल्या हीरोनेच आपल्याला कापलं. दोघं हसले. पुढच्या आठवड्यात पुढच्या भागाचं काम महाप्याला आलं.

एका सकाळी डोळ्यांत थेंब घालून घेताना भाविका म्हणाली, "नोकरी सोडत नाहीये मी. तू टेन्शन घेऊ नकोस."

हेच ऐकायला रंजिता दोन वर्षं थांबली होती. बाटलीचं झाकण लावायला तिला उगाच वेळ लागला. मग ती म्हणाली, "तो पिक्चर तुझ्या लॅपटॉपवर असेल ना? लाव."

"आत्ता? तुला ऑफिस नाही?"

"लाव तू."

गोजरालाही बोलावलं. पहिल्या दहा मिनिटांतच भाविका उशीवर कलंडून झोपली. पडद्यावर मिठागर होतं, एक बाई फळीने मीठ ओढत होती, आणि बराच वेळ काहीच होत नव्हतं. रंजिताला मधे कंटाळासुद्धा आला. पण ती बाई मीठ ओढता ओढता जिथे थांबायची, नेमकं तिथेच चित्र थांबायचं, आणि मग रंजिताचाही श्वास थांबायचा. हे कोणी ठरवलं असेल ते तिला हळूहळू कळत गेलं.

पिक्चर संपला. नावं थोडीच होती आणि सावकाश येत होती.

"हाय का?" गोजराने विचारलं.

"आहे," रंजिता म्हणाली, आणि झोपलेल्या मुलीकडे बघत हळू आवाजात वाचलं, संकलन, भाविका रोहिदास घरत.

"असा काय बोलतंस मनातल्या मनात? नाव जोरान घेयाचा असतं."

रंजिताने पुन्हा वाचलं, मांडवात घ्यावं तसं, मोठ्याने. भाविकाने कूस बदलली. जागी मात्र झाली नाही.