एकदाच बोलणाऱ्या माणसाचा परवाना

बोटीवर रेडिओ ठेवायला सरकारचा परवाना लागतो आणि त्यावर बोलणाऱ्या माणसाला वेगळी परीक्षा द्यावी लागते, हे कळलं त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहायला बसले. अशा वेळी मला दुसरं काही सुचत नाही. मी अक्षरं शिकले ती वडिलांच्या पत्रकांवरून. खडकीच्या कामगार वसाहतीतल्या आमच्या दोन खोल्यांत दर थोड्या दिवसांनी शाईचा वास मारणारे गठ्ठे येऊन पडायचे. पाणी, बोनस, रॉकेल. वर ठळक मथळा, खाली मागण्या, शेवटी उद्गारचिन्ह. त्यामुळे ‘बुडणाऱ्याने ओरडण्याआधी परवानगी काढायची काय?’ हा मथळा मला आपोआप सुचला आणि फार आवडला.

बुडण्याची शक्यता असलेला माणूस म्हणजे माझा मामा.

मामा आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र, ज्यांना मी चाचा म्हणते, यांनी मिळून एक शिडाची बोट बांधली होती. चाचांचं घराणं पुण्यातलं जुनं, गाड्यांच्या बॉड्या बांधणारं. बिबवेवाडीतल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, टेम्पोंच्या सांगाड्यांच्या मागे, प्लायवूड आणि फायबरची ही बोट कित्येक वर्षं रोज थोडी थोडी वाढत होती. तिचं नाव ‘टिटवी’. दोघे तरुणपणी खडकवासल्याच्या पाण्यावर शीड धरायला शिकले, तेव्हा काठावर टिटव्या ओरडत असायच्या, म्हणून. आता ती ट्रकवर घालून कोकणात न्यायची, किनाऱ्याकिनाऱ्याने केरळ गाठायचं आणि तिथून मालदीव. दोन म्हातारे, एक स्टोव्ह आणि चिवड्याचे डबे.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. होळीपर्यंत निघालं तर वारा साथ देतो, पुढे भरवसा नाही. आणि पुढच्या वर्षावर ढकलायची सोय नव्हती. चाचांच्या मुलाने त्यांना कॅनडाला कायमचं बोलावलं होतं, कागदपत्रं झाली होती आणि उन्हाळ्यात ते जाणार होते. या मोसमात टिटवी निघाली नाही, तर ती शेडमध्येच राहणार होती.

समुद्रावर नोकरी केलेल्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं होतं, की परदेशी बंदरात शिरलात की दोन गोष्टी मागतात: बोटीवरच्या रेडिओ सेटचा परवाना आणि तो वापरणाऱ्याचं प्रमाणपत्र. नसेल तर बोट बांधून ठेवतात. चाचांना शेडमधल्या ठोकाठोकीने कमी ऐकू येतं. म्हणून रेडिओवर बोलायचं काम मामाकडे आलं आणि फोनवर बोलायचं काम माझ्याकडे.

परवान्याच्या कचेरीतले फोनवरचे गृहस्थ सभ्य होते. तोच तर त्रास होता.

“जहाज किती टनांचं?”

“जहाज नाही हो. बोट. दोन माणसं झोपतात, तीही आळीपाळीने.”

“सेटचा परवाना हवा असेल तर आधी ऑपरेटरचं प्रमाणपत्र जोडा.”

प्रमाणपत्रासाठी परीक्षा. परीक्षेचा विभाग वेगळा. तिथे विचारलं, “उमेदवार कुठल्या जहाजावर नोकरीला आहे? मालकाचं पत्र लागेल.”

“नोकरीला नाही. ते स्वतःच्या हौसेने जाताहेत.”

“मालक कोण?”

“त्यांचा मित्र.”

“मग मित्राचं पत्र आणा, की हे माझ्याकडे नोकरीला आहेत म्हणून.”

मी शेडमध्ये जाऊन हे सांगितलं. चाचा इतके हसले, की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. मामा हसला नाही. कारखान्यात उभी हयात काढून सन्मानाने निवृत्त झालेला माणूस तो.

“मी याचा नोकर?”

“अरे, नुसतं कागदावर,” चाचा म्हणाले. “पगार वाढवून देतो, हवं तर.”

“पत्रात ‘प्रामाणिक व कष्टाळू’ असं लिही. खोटंच लिहायचं तर नीट लिही.”

मी खवळले. म्हटलं, खोटं पत्र द्यायचं नाही. आपण भांडायचं. आकाशातल्या लहरी काही कुणाची जहागीर नाहीत. मी पत्रकाचा मसुदा दोघांना मोठ्याने वाचून दाखवला. चाचांनी शांतपणे ऐकला, बहुधा अर्धाच त्यांच्यापर्यंत पोचला, आणि म्हणाले, “बेटा, सोळा नंबरच्या चॅनलवर सगळी जहाजं कान लावून असतात. तिथे कुणीही उठून गप्पा मारायला लागला तर बुडणाऱ्याचं कोण ऐकणार? परीक्षा घेऊ देत की.”

“परीक्षेला माझी ना नाही. मित्राला नोकर करण्याला आहे.”

“तो एरवीही माझंच काम करतो. नवीन काय त्यात?” असं म्हणून चाचांनी सही केली. माझा मसुदा मात्र मामाने ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्याच्या कोऱ्या बाजूला त्याने अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी रेडिओवरची बाराखडी लिहून काढली होती.

परीक्षा मुंबईला होती. मी बरोबर गेले. लेखी पेपर मामाला सोपा गेला. मग तोंडी. उकाड्यामुळे दार उघडं होतं, त्यामुळे बाहेरच्या बाकावर मला सगळं ऐकू येत होतं. परीक्षक मराठी होते आणि दमलेले होते.

“समजा, काका, तुमच्या बोटीत पाणी शिरतंय. हा माइक घ्या आणि मदतीची हाक द्या.”

मामाने माइक घेतला. “मेडे. टिटवी. बोटीत पाणी शिरलंय.” आणि माइक खाली ठेवला.

“मेडे तीनदा म्हणायचं असतं.”

“का?”

“पहिल्यांदा ऐकू गेलं नाही तर?”

“म्हणजे समोरच्याचं लक्ष नाही. ज्याचं लक्षच नाही त्याला सांगून उपयोग काय?”

बाकावर बसल्या बसल्या मी डोळे मिटले.

“बोटीचं नावही तीनदा,” परीक्षक म्हणाले.

“अहो, टिटवी हे काही अवघड नाव नाही.”

“काका, आपण पाठ केलंय ना? पुस्तकात दिलंय.”

“पाठ आहे. पटलेलं नाही.”

नापास. परतीच्या एसटीत लोणावळा आलं. मग राहवलं नाही.

“मामा, तीनदा म्हणायला तुझं काय जात होतं?”

“आपल्या घरात कुणी एक गोष्ट दोनदा सांगत नाही.”

“माझ्या वडिलांनी जन्मभर एकच गोष्ट सांगितली. शंभर वेळा.”

“म्हणूनच म्हटलं, आपल्या घरात.”

आजोळचे सगळेच असे. बाजारातून काही आणायचं असलं तर आजोबा एकदा सांगत. ऐकू आलं नाही तर ती वस्तू त्या दिवशी घरात येत नसे आणि दोष ऐकणाऱ्याचा. मदत मागणं तर त्याहून वाईट. मामाचा पाय मोडला होता तेव्हा शेजाऱ्यांना ते प्लास्टर काढल्यावर कळलं. अशा माणसाकडून सरकारला ओरडून, तीन तीनदा, अनोळखी जहाजांना ‘वाचवा’ म्हणवून घ्यायचं होतं. मला सरकारचा राग येत होता, मामाचा येत होता आणि कुणाचा जास्त हे ठरत नव्हतं.

पुढची परीक्षा लागेपर्यंत संक्रांत होऊन गेली. शेडमध्ये आमचा सराव सुरू झाला. खरा सेट लावायला चाचा तयार नव्हते. परवाना नसताना बटण दाबायचं नाही, म्हणाले. म्हणून मामाच्या हातात रंधा दिला, तोच माइक. चाचा दुसऱ्या टोकाला पाठ करून उभे राहायचे. ऐकू आलं तरच वळायचं, असा नियम. शेजारच्या गाळ्यात ग्राइंडर चालू असायचा.

“मेडे,” मामा म्हणायचा. चाचा ढिम्म.

मी बाजूने समजावत होते. म्हटलं, मोर्चात घोषणा पुन्हा पुन्हा देतात त्या लोक मूर्ख असतात म्हणून नाही. मागचे अजून चौकातही पोचलेले नसतात. त्यांच्यासाठी देतात.

“मी घोषणा देणार नाही,” मामा म्हणाला.

“ही घोषणा नाही!”

“तू आत्ता देते आहेस ती काय आहे?”

असे कितीतरी दिवस गेले. मी मुद्दे मांडले, पुस्तकातली पानं दाखवली, एकदा तर रागाने चहा न घेता निघून गेले. टिटवी तिथेच उभी होती, शिडाचं कापड अजून गुंडाळलेलं. चाचांच्या घरी एक मोठी बॅग उघडून ठेवली होती आणि सूनबाईंनी पाठवलेले गरम कोट त्यात भरून तयार होते.

एका संध्याकाळी मामाने नेहमीसारखं एकदा पुटपुटून रंधा खाली ठेवला. चाचा वळले. ऐकू आलं म्हणून नव्हे, कंटाळून.

“तू बुडतोयस असं समजू नकोस,” ते म्हणाले. “तू खुशाल बूड. तुझ्या घराण्याची रीत आहे. असं समज, की मी पाण्यात पडलोय. तू बोटीवर आहेस. मला पोहता येतं, पण किती वेळ? आता बोल.”

आणि ते परत पाठ करून उभे राहिले.

ग्राइंडर थांबला, पुन्हा सुरू झाला. मग त्याने रंधा उचलला आणि असा ओरडला, की शेजारच्या गाळ्यातले दोघे धावत दारात आले.

“मेडे, मेडे, मेडे! टिटवी, टिटवी, टिटवी!”

पुढे ठिकाण, माणसं किती, काय झालं, काय हवं, सगळं ओळीने. आवाज फाटला होता. चाचा हळूच वळले आणि म्हणाले, “आलं ऐकू. आता चहा सांग.”

“एकदाच सांगतो,” मामा म्हणाला आणि खिशात रुमाल शोधू लागला.

माझे सगळे मुद्दे फुकट गेले होते. याचाही मला राग आला, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या खेपेला परीक्षकांनी मामाला मध्येच थांबवलं. “पुरे काका, पलीकडच्या खोलीत पेपर चालू आहे.” पास. प्रमाणपत्र आलं, ते जोडून सेटच्या परवान्याचा अर्ज गेला आणि पुन्हा तेच सभ्य गृहस्थ.

“प्रक्रियेत आहे.”

“किती दिवस?”

“प्रक्रियेत आहे म्हटलं ना.”

मी रोज फोन करत राहिले. त्यांना सांगितलं, वारा तुमच्या प्रक्रियेसाठी थांबत नाही. ते म्हणाले, तसं लेखी द्या. मी लेखी दिलं. परवाना आला तेव्हा गल्लीत होळीसाठी लाकडं गोळा होत होती. माझ्या पत्रामुळे आला, की त्याची वेळ झाली म्हणून आला, ते कुणीही सांगितलं नाही. मित्राला मालक आणि मामाला नोकर का व्हावं लागलं, हेही कुणी सांगितलेलं नाही. ते पत्रक मी अजून पूर्ण करणार आहे.

टिटवी त्याच आठवड्यात ट्रकवर चढली. हाती उरलेले दिवस अगदी थोडे होते. केरळचा किनारा सुटल्यावर फोन बंद झाले.

एका दुपारी परक्या नंबरावरून फोन वाजला. खरखर, वारा, मागे कुणीतरी हसत होतं.

“पोचलो,” मामाचा आवाज आला.

“मामा! दोघं ठीक आहात ना? परवाना विचारला का त्यांनी? रेडिओ लागला का कुठे?”

खरखर वाढली. तो काहीतरी म्हणाला. दोन-तीन शब्दच असतील.

“ऐकू नाही आलं! परत सांग!”

“एकदा सांगितलं,” मामा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.