क्लॅरनेटवाल्याचे पुढचे दात

तलावाचा अर्धा फेरा झाला तसा दादा थांबला आणि तोंडाला रुमाल लावून पाठमोरा झाला. धाकटी बहीण बोलत बोलत पुढे गेली होती. ती मागे वळली, तर रुमाल लाल.

"बीट खाल्लं सकाळी," तो म्हणाला.

"तुमच्या घरात बीट? वहिनीला नाव काढलं तरी शिसारी येते."

दादाने रुमाल खिशात कोंबला आणि तरातरा चालू लागला.

मिसरूड फुटल्यापासून त्याने बँडमध्ये क्लॅरनेट वाजवलेलं. दुसरा धंदा ठाऊक नाही. मधुमेह निघाल्यापासून गोळ्या वेळेवर, गोड बंद, चालणं रोजचं. तरी रक्तातली साखर ढिम्म हलेना. वहिनीने आधी साखरेच्या डब्याची जागा बदलली, मग कपाटाला कुलूपच घातलं. "चोरून खातात हो," असं शेजारणीला सांगायची, तेही त्याला ऐकू जाईल अशा बेताने. बहिणीलाही आतून तसंच वाटे. देवापुढे हात जोडताना ती त्याच्यासाठी चांगली बुद्धीच मागायची.

"दादा, तोंड उघड बघू."

"मी काय बाजारातला घोडा आहे?"

"उघड म्हणते ना!"

हिरड्या फुगून जांभळ्या झालेल्या. वरचे पुढचे दोन दात खाली उतरल्यासारखे लांब दिसत होते.

क्लॅरनेटच्या तोंडावर हेच दात टेकवून फुंकायचं असतं. ते हलू लागले तेव्हा त्याने वाद्यावर दात टेकतात तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला आणि सूर निभावून नेला. ब्रश लागला की रक्त यायचं, म्हणून पुढच्या दातांना ब्रश लावणंच सोडलं. त्याच्या मते तो दात जपत होता. बँडमास्तरला कळलं तर तो दुसरा वादक उभा करील, म्हणून घरीदारी चकार शब्द काढला नाही.

"सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आलो," तो अखेर बोलला. "म्हणाल्या, हिरड्यांत सूज मुरलीय. ती तोंडापुरती राहत नाही, रक्तातून अंगभर जाते. मग इन्सुलिनचं काम नीट चालत नाही, साखर उतरत नाही. आणि साखर चढलेली, म्हणून हिरड्या बऱ्या होत नाहीत."

"म्हणजे तू चोरून..."

"कणभरही नाही गं."

बहिणीने पदर सारखा केला. तो सारखाच होता.

"मग आता?"

"बाकीचे दात हिरडीच्या आतपर्यंत साफ करणार. हे दोन मात्र राहत नाहीत, उद्या काढायचेत." त्याने दातांवरून जीभ फिरवली. "काढले तर बँड सुटला. ठेवले तर साखर मला सोडत नाही."

"नवे बसवतात की."

"विचारलं मी. नव्या दातांवर सूर लागेल का, ते बाईंनाही सांगता येईना."

तलावाच्या कडेने कुंपण होतं, मध्ये कुठे फाटा नव्हता. एकदा आत शिरलं की पुरा फेरा मारूनच बाहेर पडायचं. फाटक दिसू लागल्यावर त्याने तिची बाही ओढली.

"उद्या तू चल. तुझ्या वहिनीला नको आणू, ती रडली की मी उठून येईन. मला खुर्चीत बसव आणि इंजेक्शन देईपर्यंत माझं मनगट धरून ठेव. मी कितीही शिव्या घातल्या तरी सोडू नकोस."