नदीकाठची दुसरी मुलगी

माझं लहानपण पुरुषोत्तमनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत गेलं. आबा कारखान्यात रस उकळतात त्या विभागात होते. गळीत हंगामात त्यांना रात्रपाळी असे. दुपारी ते आतल्या खोलीत झोपत आणि घरात आवाज करायची सोय नसे. मग माय मला ओट्यावर घेऊन बसायची आणि हळू आवाजात पुस्तक वाचायची.

पुस्तक एकच होतं. कुठल्या तरी परदेशी लेखकाची मुलांसाठीची जुनी कल्पित गोष्ट, मराठीत आणलेली, कव्हर गेलेली. हरवलेली शेळी शोधत एक मुलगी नदीवर येते आणि एक म्हातारं कासव तिला पाठीवर घेऊन पलीकडे, धुक्याच्या शहरात नेतं. तिथे कुणाला भूक नाही, थकवा नाही, कुणाचे पाय जमिनीला लागत नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात एक घंटी असते. ती काढून चौकातल्या झाडाला बांधली की माणूस आपलं घर विसरतो. तिथली राणी रोज गोड बोलून मुलीकडे घंटी मागते. मुलगी देत नाही. शेवटी ऐलतीरावरून आईची हाक येते, मुलगी पळत सुटते आणि कासव तिला परत आणतं.

माय सातवीपर्यंत शिकलेली. पुस्तकातली मराठी ती डोळ्यांनी वाचायची आणि तोंडाने अहिराणी बोलायची. त्यामुळे माझ्यासाठी राणी, कासव, सगळे अहिराणीच बोलत. ते शहर म्हणजे आपला कारखाना, याबद्दल मला तेव्हा शंकाच नव्हती. तीच वाफ, तोच मळीचा गोडसर वास, आणि सगळं विसरून गेल्यासारखी दिवसा झोपणारी माणसं. राणी म्हणजे साहेबांच्या बंगल्यातल्या बाई, हेही मी ठरवून टाकलं होतं.

सगळ्यात जास्त मी शेवटाची वाट बघायची. कासव मधल्या धारेत येतं तेव्हा मुलगी मागे वळून बघते. धुक्याच्या काठावर आणखी एक मुलगी उभी असते. अगदी लहान, नुकती चालायला लागलेली, अनवाणी, गळ्यात घंटी नसलेली. ती हात पुढे करते.

“माले भी ली चाल.”

कासव म्हणतं, माझ्या पाठीवर एकीचीच जागा आहे. मग मोठी मुलगी आपली ओढणी काढून काठाकडे फेकते आणि म्हणते, “तू ऱ्हाय बेटा, मी येसू.”

इथे माय थांबायची. मी दर वेळी विचारायची, “मग ती परत गेली का तिला घ्यायला?”

“जाई ना. मोठी व्हईसन जाई,” माय म्हणायची आणि पुस्तक मिटून चहा ठेवायला उठायची.

वाचता यायला लागल्यावरही ते पुस्तक मी स्वतः कधी उघडलं नाही; ते मायच्या तोंडूनच ऐकायचं. पुढे आबा निवृत्त झाले, आम्ही शहाद्याला आलो आणि सामान हलवताना ते पुस्तक कुठे गेलं कुणास ठाऊक. माय गेली त्यालाही आता काही वर्षं झाली. मी तळोद्याला शाळेत शिकवते, रोज जाऊन येऊन. माझी मुलगी पुण्याला असते. आबा माझ्याकडे आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली आणि म्हणाली, “आई, तुझ्या त्या कासवाच्या गोष्टीवर सिनेमा आलाय. हिंदीत डब केलेला आहे. बघायचा?”

दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. सिनेमा सुंदर होता. धुकं तर असं दाखवलं होतं की हात पुढे करावासा वाटला. राणी हिंदीत बोलायला लागली तेव्हा मला परकं वाटलं, पण त्याचीही सवय झाली. मुलीने आधीच त्यावरचे व्हिडिओ बघितले होते. ती मधे मधे समजावत होती.

“पहिल्याच दृश्यात तिच्या कपाळावर ओली पट्टी होती, बघितलंस? म्हणजे हे सगळं तापातलं स्वप्न आहे. राणी म्हणजे मृत्यू. घंटी म्हणजे आठवण. पुस्तकात लेखकाने हे लपवून ठेवलंय, दिग्दर्शकाने उघड केलं.”

मी हो हो म्हणत होते. माझं लक्ष नदीकडे होतं. कासव मधल्या धारेत आलं. सिनेमातल्या मुलीने मागे वळून बघितलं. काठावर नुसतं धुकं. कासव पुढे गेलं, आई धावत आली, नावं यायला लागली.

“त्यांनी छोटी मुलगी काढून टाकली,” मी म्हणाले.

“कुठली छोटी मुलगी?”

मी सांगितलं. मुलीने माझ्याकडे नीट बघितलं. “आई, मी मूळ पुस्तक कॉलेजात वाचलंय. अशी कुणी मुलगी त्यात नाही.”

“मराठीत असेल.”

“भाषांतरात अख्खं पात्र कसं येईल?”

मी वाद घालणार होते, तेवढ्यात आबा बोलले. ते खुर्चीत डोळे मिटून बसले होते, आम्हाला वाटलं झोपलेत.

“पुस्तकमा ती नव्हतीच. ती तुन्ही मायनी टाकी.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मी आतमा पडेल ऱ्हायचो ना. सगळं ऐकू ये.”

“मग कोण होती ती?”

आबांनी डोळे उघडले, पण माझ्याकडे बघितलं नाही. “तुन्ही मोठी बहीन.”

टीव्ही मुलीने बंद केला. आबा थांबत थांबत सांगत गेले. माझ्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. चालायला लागली होती. तापात गेली. इतक्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत, म्हणून मायच्या माहेरी, प्रकाशा गावात, तापीच्या काठी पुरलं. त्यानंतर मायने तिचा विषय घरात काढू दिला नाही. नातेवाईकांनाही तशी ताकीद होती. मी झाले, आणि मग मीच एकुलती एक म्हणून वाढले.

“तुन्ही माय तिन्हा विषय फक्त तुन्हाजवळ, वाचताना काढे,” आबा म्हणाले. “मी तोंडवर पांघरून लिसन पडी ऱ्हाऊ.”

माझी मुलगी मघापासून गोष्टीचे अर्थ लावत होती, आता ती आजोबांच्या पायाशी जाऊन बसली. मला रडू आलं नाही. मला माय हवी होती, एवढंच वाटत होतं. इतक्या वेळा तिच्या मांडीला टेकून ऐकलं आणि एकदाही मान वर करून तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. मला गोष्ट ऐकायची घाई असायची.

दोन दिवसांनी आबाच म्हणाले, प्रकाशाला जाऊ. मी गाडी काढली. देवळांच्या बाजूने यात्रेकरूंची गर्दी होती, आम्ही तिला वळसा घालून काठाकाठाने पुढे गेलो. आबा काठी टेकत एका जागी थांबले.

“आठेच कठे तरी व्हतं. बॅरेज झालं आनि पानी वर उनं.”

समोर रुंद, संथ पाणी होतं; ती जागा आता त्याच्या खाली होती. मुलीने हळूच विचारलं, “आजी यायची का इथे?”

“माहेरले उनी का नदीवर जाये. एकटीच. मी कधी विचारं नही.”

आम्ही काठाशी उभे राहिलो. मी सोबत काही आणलं नव्हतं. काय आणायचं तेच कळलं नव्हतं.

परतताना आबा गाडीत आपणहून बोलायला लागले. इतकी वर्षं अडवून ठेवलेलं एकदम वाट फुटल्यासारखं येत होतं. कारखान्याचा भोंगा झाला की वसाहतीतली लेकरं दचकून रडायची, आणि ती खदखदा हसायची. उसाच्या बैलगाड्या आल्या की दारात उभी राहून दोन्ही हात पसरायची, गाडीवाले तिला कांडं तोडून द्यायचे.

“दिसायला कशी होती?” मुलीने विचारलं. “आईसारखी?”

आबांनी शेजारून माझ्याकडे नीट बघितलं. “नही. ही मन्हावर गयी. ती पुरी तिन्हा मायवर व्हती. तेच नाक, तेच कपाय.”

मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले. मायचा चेहरा माझ्यात नाही हे मला लहानपणापासून सगळे सांगत आले. बहीण असती तर आज तिने पन्नाशी ओलांडली असती. केस पिकले असते, चष्मा लागला असता. दिवाळीला ती आली असती आणि मी दार उघडलं असतं, तर दारात मायचंच तोंड दिसलं असतं.