उजव्या रकान्यातला तलाव

माझ्या ब्लॉगच्या उजव्या बाजूला एके काळी मासे पोहायचे. लाल मासे, माउसचा बाण नेला की त्याच्यामागे धावत यायचे. त्यांच्याखाली घड्याळ, घड्याळाखाली कॅलेंडर, मग किती लोक येऊन गेले ते मोजणारा आकडा, भंडाऱ्याचं हवामान, रोजची एक म्हण, लेबलांची गर्दी, महिन्यामहिन्याच्या जुन्या पोस्ट आणि मी वाचते त्या इतर ब्लॉगांची भलीमोठी रांग. मधल्या रकान्यात मी लिहायचे ते आमच्या झाडीपट्टीतल्या रानभाज्या, सणवार, धानाच्या जुन्या जाती यांबद्दल. लेख संपायचा, पण उजवी बाजू आपली खाली खाली जातच राहायची.

मुलगी पुण्याला शिकते. तिने एकदा ब्लॉग नीट पाहिला आणि फोनवर म्हणाली की आई, हा साईडबार आहे की आठवडी बाजार. मी माहेरची अड्याळची, बाजाराच्या गावची, तेव्हा मला ती शिवी वाटायला नको होती. पण मी तापट आहे, वाटली. राग उतरल्यावर मी माझाच ब्लॉग परक्याच्या नजरेनं उघडला. घड्याळ कधीचंच बंद पडलं होतं; ते बनवणाऱ्यांनी दुकान गुंडाळलं होतं आणि त्याच्या जागी नुसता पांढरा चौकोन उरला होता. रोजची म्हण रोज बदलायची थांबली होती. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही एकच म्हण कित्येक महिने माझ्या लेखांच्या शेजारी उभी होती. वाचणाऱ्यांना काय वाटलं असेल, देव जाणे. मुलीचं बरोबर होतं हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मग आवराआवर काढली. आम्ही जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहतो. सकाळी फॅक्टरीची बस यांना घेऊन गेली की घरात मी आणि माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, दोघंच. मामाजींनी सगळा जन्म आंबागडच्या किल्ल्याखालच्या आमच्या गावात काढलेला. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ते तिथं एकटे मजेत होते. गेल्या वर्षी गावच्या तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, त्यांचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं, आम्ही त्यांना इथं आणलं. हाड जुळलं, काठी घेऊन ते चालायला लागले, व्यायाम करवून घ्यायला यायचा तो माणूसही यायचा बंद झाला. आता परत जायचं की नाही, हे मात्र कुणी बोललं नाही. शेती चुलत दिरांना बटईनं दिली होती, घराची किल्लीही त्यांच्याकडेच. तात्पुरते आणलेले मामाजी असे न बोलता आमच्याकडे कायमचे होत चालले होते.

मी लेआउटच्या पानावर एकेक चौकोन धरून वर-खाली ओढत होते. मामाजी चहाची कपबशी घेऊन मागे येऊन उभे राहिले. हे कायले वर-खाली करून राहिली, म्हणाले. मी सांगितलं, मध्ये माझं लिहिलेलं असतं आणि बाजूला येणाऱ्याच्या कामाच्या गोष्टी ठेवायच्या असतात. त्यांनी चहा संपवला.

“म्हनजे छपरी,” ते म्हणाले.

आमच्याकडे घराच्या पुढच्या उघड्या पडवीला छपरी म्हणतात. येणारा-जाणारा तिथं टेकतो, पाणी पितो, चार गोष्टी विचारतो आणि वाटेला लागतो. त्यातला एखादाच आत शिरतो. मला ते पटलं, आणि त्या दिवसापासून मामाजी माझ्या साईडबारचे पंच झाले.

माशांवरून पहिलं भांडण झालं. ते खायचे आहेत का, त्यांनी विचारलं. शोभेचे आहेत म्हटल्यावर मग काढ म्हणाले. मी काढले, पण मला वाईट वाटलं, आणि त्या सकाळी मी त्यांना मुद्दाम कारल्याची भाजी केली. येणाऱ्यांचा आकडा मला फार प्रिय होता. उठल्या उठल्या तो पाहायची मला सवय होती. मामाजींनी काही दिवस ते पाहिलं आणि शांतपणे म्हणाले की तूच जाते नि तूच मोजते, आपल्याच लग्नात आपणच पंगतीला बसल्यासारखं. तोही गेला. कॅलेंडर भिंतीवर असतंच, म्हणून ते गेलं. शोधायची चौकट मी सगळ्यात वर घेतली, कारण लोक माझं लेखन वाचायला येत नाहीत, पातोडीचं बेसन किती घट्ट भिजवायचं ते शोधायला येतात, हे मी एकदाचं कबूल केलं. लेबलं इतकी झाली होती की एकेका लेबलाखाली एकच पोस्ट सापडायची; ती मोडून चार-पाच ठेवली. जुन्या पोस्ट वर्षावर्षाच्या घडीत बंद करून टाकल्या. इतर ब्लॉगांतले निम्मे त्यांच्या मालकांनीच सोडून दिले होते, ते वगळले. हवामान मात्र ठेवायचं, असं मामाजींनी सांगितलं. सकाळी उठून ते आधी आभाळ पाहायचे आणि मग माझ्या लॅपटॉपवर येऊन ते बरोबर आहे का पाहायचे.

आणि मग त्यांनी विचारलं, तलाव कुठं आहे?

मला आधी कळेना. छपरीत बसलेला माणूस पहिल्यांदा काय विचारतो, तर तलावात पाणी किती. आमच्या गावचं धान तलावावर जगतं, त्यामुळे तब्येत-पाणी विचारायच्याही आधी तलाव विचारतात. मामाजींचं म्हणणं, ते एवढं लिही, बाकीचं असो नसो. मला हसू आलं. सुरण आणि तरोट्याच्या भाजीशेजारी एका खेड्यातल्या तलावाचं पाणी कोण वाचणार? पण त्यांचं मन मोडवेना. तळाशी, जुन्या पोस्टच्याही खाली, मी एक साधी मजकुराची चौकट टाकली. गावचा पाणकर, म्हणजे तलावाचं पाणी वाटून देणारा माणूस, मामाजींचा लहानपणापासूनचा सोबती. मामाजी सकाळी त्याला फोन करायचे, बराच वेळ बोलायचे आणि मग मला एक ओळ सांगायचे. मोजमाप गावाचंच. पाणी जादा होऊन सांडव्यावरून वाहत असेल तर ‘सलंगावर’, त्याहून कमी असेल तर ‘पिंपळाच्या मुळाले’, आणि अगदी उतरलं तर ‘म्हशी बसतात तिथं’. मी ते जसंच्या तसं लिहायचे.

त्या चौकटीला माणसं आली. गावची जी पोरं-बाळं नागपूर, रायपूर, हैदराबादला पांगली आहेत, त्यांच्यात कुणीतरी ती फिरवली. माझ्या लेखांखाली कधी कुणी शब्द लिहीत नसे, आता ‘आज पाणी टाकलं नाही का’ म्हणून विचारू लागले. मग कळलं की मोबाइलवर साईडबार बाजूला नसतोच, सगळ्याच्या खाली जाऊन पडतो, आणि ही माणसं तो सगळा पसारा अंगठ्यानं ढकलत एका ओळीसाठी तळापर्यंत जातात. मला लाज वाटली. मी थीम बदलली, ती चौकट शीर्षकाच्या लगेच खाली आणली आणि शोधायची चौकट तिच्याखाली गेली. मामाजी त्या दिवशी दाढी करून बसले होते. आम्हा दोघांची ती सकाळची वेळ मला फार आवडू लागली होती, हे इथं सांगून टाकते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी काय लिहिते ते शेजारी बसून पाहणारं या घरात पहिल्यांदा कुणी भेटलं होतं.

नवरात्राच्या सुमारास रायपूरहून एकाची कमेंट आली. त्याचं लिहिणं सभ्य होतं, पण टोचलं. धान निसवायला आलंय, त्याच्या आईनं फोनवर सांगितलं की बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, भेगा पडल्यात, पाण्याला इंजिन लावावं लागेल. तो तिला म्हणाला, अगं, तलाव तर सलंगावर आहे. आई म्हणाली, इथं येऊन पाह्य, म्हशी बसून राहिल्या. खाली त्यानं विचारलं होतं की ताई, हे पाणी तुम्हाला कोण सांगतं?

मी पान वर सरकवलं. आमच्या चौकटीत ‘सलंगावर’ लिहिलेलं. शेजारी हवामानाच्या चौकटीत भंडाऱ्याला मुसळधार. गेल्या कित्येक दिवसांच्या ओळी मला आठवल्या. इथं पाऊस पडला की तिथं तलाव चढला होता, इथं उघडीप झाली की तिथं उतरला होता. जवाहरनगर कुठं आणि आमचं गाव कुठं, एका गावात पाऊस पडतो तेव्हा शेजारच्या गावात धूळ उडते हे मामाजींना काय कळत नव्हतं? मला भयंकर राग आला. लोक भरवसा ठेवून बसले होते, आणि नाव माझं होतं.

मामाजी बाहेर कठड्याला टेकून बसले होते. मी फोनची गोष्ट सरळच विचारली. ते खोटं बोलले नाहीत. बरेच दिवस झाले, फोन केलाच नाही म्हणाले. सोबत्याशी भांडण झालं का, मी विचारलं. तसंही नव्हतं.

“थो पयले पानी नाही सांगत,” ते म्हणाले. “पयले विचारते, कवा येता. रोज विचारते. मी त्याले काय सांगू, सूनबाई? मलेच कोनी सांगितलं नाही.”

माझा राग जिथल्या तिथं राहिला, फक्त त्याला जायला जागा उरली नाही. जे विचारायला हवं होतं ते आम्हीही त्यांना विचारलेलं नव्हतं.

आत येऊन मी आधी चौकट दुरुस्त केली. गेल्या काही दिवसांचं पाणी आम्ही अंदाजानं लिहिलं, ते चुकलं, असं साफ लिहिलं. रायपूरच्या माणसाची माफी मागितली. मग हवामानाची चौकट काढून टाकली. संध्याकाळी हे आले तेव्हा मी विषय काढला. डॉक्टरांनी पारीवर चढू नका म्हटलंय, तिथं जेवणाचं काय, हिवाळा जाऊ दे, मग पाहू, असं यांनी सांगितलं. आमच्या घरात ‘पाहू’ म्हटलेली एकही गोष्ट आजवर कुणी पाहिलेली नाही. मी म्हटलं, बरं, निदान तलाव खरोखर पाहून येतो, लोकांना उत्तर द्यायचंय. त्याला हे नाही म्हणू शकले नाहीत.

ओळखीच्या एकाची गाडी सांगून आम्ही निघालो. तुमसर ओलांडलं तसे मामाजी खिडकीच्या काचेला चिकटले आणि कुणाच्या बांधीत कोणतं धान आहे ते बोलू लागले. इतकं बोलताना मी त्यांना क्वार्टरमध्ये कधी ऐकलं नव्हतं. गावात पोचल्यावर घरी न जाता पारीकडे चला म्हणाले. मी एका हाताला, दुसऱ्या हाताला काठी, असे आम्ही अगदी हळू चढलो. पाणी खरंच फार उतरलं होतं, मधला गाळ उघडा पडला होता आणि म्हशी त्यात निवांत बसल्या होत्या. पाणकर दुरून पाहून आला. मला धास्ती होती की आता हा विचारणार. त्यानं विचारलं नाही. मामाजींच्या हातातली काठी पाहिली, तंबाखूची डबी पुढे केली, आणि दोघं पाणी सोडायचं आधी कुणाच्या बाजूला, यावर वाद घालू लागले.

दुपारी चुलत दिरांकडे जेवण झालं. त्यांचं घर आमच्या घराला भिंतीला भिंत लागून. जाऊबाईंनी किल्ली काढून दिली, मी घर झाडून घेतलं. निघायची वेळ झाली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तरी मामाजी आपल्या छपरीत खाटेवरून उठेनात. जाऊबाईंशी त्यांचं आधीच ठरलं होतं. दोन वेळचं ताट भिंतीपलीकडून येणार, पारीवर सोबतीशिवाय चढायचं नाही. मी तिथूनच यांना फोन लावला. हे माझ्यावर चिडले, तूच नेलंस म्हणाले. ते खरंच होतं. शेवटी हे म्हणाले, औषधं दिलीस ना त्यांच्याजवळ?

मी पाया पडले तेव्हा मला रडू आवरलं नाही. रोज फोन करीन म्हटलं. मामाजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“करजो. पन पान्याचं विचारजो, माह्यं नोको विचारू,” ते म्हणाले. “तब्येत विचारू विचारू मानूस बिमार होते.”

आता साईडबारला मोजक्या चौकटी आहेत. मुलगी म्हणते, छान दिसतो. मला मात्र बस गेल्यावर घर खायला उठतं. लॅपटॉप उघडून मी मामाजींना फोन लावते आणि पाणी किती, विचारते. सुरुवातीला जिभेवर गोळ्यांचं यायचं, ते मी गिळायला शिकले. पाणी मुळाले लागलं, ते सांगतात, आणि मी ते लिहिते. फोन लगेच ठेवायचा नाही, हेही मी शिकले आहे. मग पलीकडून, मी न विचारता, ते म्हणतात, “जेवलो मी.”