वेश बदलून खेळणारी

दादाचा खेळ मला बघवत नाही, हे आधीच सांगून टाकते. गेम कुठला, तर लपूनछपून आत शिरायचा. मोठी हवेली, भोवती गार्ड, आतून एखादी वस्तू उचलून आणायची आणि कोणाच्या नजरेला पडायचं नाही. सगळी मजा त्या न दिसण्यात. आणि आमचा दादा काय करणार? फाटकापाशी जरा वेळ दबा धरून बसणार, मग कंटाळणार, आणि “चल यार, बघून घेऊ” म्हणत सरळ गार्डच्या अंगावर धावून जाणार. लगेच घंटा वाजते, दिवे लागतात, चारी बाजूंनी माणसं येतात, आणि हा खुशीत. अरे, मारामारीच करायची तर मारामारीचा गेम घे ना! पण सांगणार कोण? त्याचं म्हणणं एकच, “पोचलो ना शेवटी? मग झालं तर.”

माझं बरोबर उलटं. मी भुतासारखी खेळते. कोणाला हात लावायचा नाही, दार उघडलं तर परत लोटून ठेवायचं, आपण येऊन गेलो हे सकाळी कोणाला कळतासुद्धा कामा नये. एखाद्या गार्डने नुसती मान वळवून “कोण आहे?” म्हटलं की माझं डोकं सटकतं. लगेच मागचा सेव्ह लोड करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. एकच जिना मी अख्खी दुपार चढत बसलेली आहे. दादा म्हणतो, तू खेळत नाहीस, तू पेपर सोडवतेस. म्हणेना का. माझ्या खेळात डाग नसतो, याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

आणि तिसरी ती.

ती दादाच्या ऑफिसातली, मूळची बरेलीची. पहिल्यांदा घरी आली ती ‘ऑफिसातली मैत्रीण’ म्हणून, पण आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये असल्या गोष्टी चहा उकळायच्या आत कळतात. दादाला तिच्याशी लग्न करायचं होतं. बाबांनी नेहमीप्रमाणे हात झटकले, “तुझ्या आईला विचार.” आईने ना हो म्हटलं, ना नाही. म्हणाली, “बघू.” आता आमच्या आईचं ‘बघू’ म्हणजे कुकरची शिट्टी, झाल्याशिवाय झाकण उघडत नाही. मग दादाने ठरवलं, तिला दर रविवारी जेवायला आणायचं. आईला सवय झाली की आई आपोआप विरघळेल. सगळं त्या ‘बघू’वर अडून राहिलं होतं.

जेवण झालं की बाबा आडवे व्हायचे, दादा जागच्या जागी पेंगायचा, आणि आम्ही दोघी टीव्हीला गेम जोडून बसायचो. आई शेजारी भाजी निवडत असायची. तिचं मत ठाम होतं. “कुणाच्या घरी असं चोरासारखं शिरायचं? बेल वाजवून जा की!”

ती खेळायची वेश बदलून. आमच्या त्या गेममध्ये नोकरांचे, माळ्याचे, स्वयंपाक्याचे कपडे मिळतात. मी त्यांना कधी हात लावला नव्हता, मला ती लबाडी वाटायची. ती मात्र पहिलं काम ते करायची. कपडे चढवायचे आणि भर उजेडात, गार्डच्या समोरून, आपण इथलेच असल्यासारखं चालत जायचं. तिथे एक गोम असते. साधे गार्ड फसतात, पण घरातला जुना मुकादम सगळ्यांना चेहऱ्याने ओळखतो, तो फसत नाही. तो आला की वाकायचं, काहीतरी काम काढायचं, झाडू मारायचा. ती झाडू इतका मन लावून मारायची की मी ओरडायचे, “अगं, तो गेला, चल आता!” आणि चुकून ओळखलीच गेली, तरी लोड करायची नाही. “पकड़े गए तो पकड़े गए, आगे खेलो ना.” पळायची, लपायची, दुसऱ्याच कुणाचे कपडे घालून परत यायची. मला वैताग यायचा आणि मनातून आवडायचंही. मी मनातल्या मनात तिला वहिनी म्हणायला लागले होते.

आता आमच्या घरची एक खोड सांगायला हवी. दिल्लीतल्या बहुतेक मराठी घरांची असेल. घराबाहेर पडलं की आमची मराठी म्हणजे आमचा पडदा. सरोजिनी नगरला कुर्ता हातात धरून आई दुकानदाराकडे बघत गोड हसत म्हणणार, “मेल्याने दुप्पट सांगितलाय, तू आवडलाय असं दाखवू नकोस, चेहरा पाड.” ही हसण्याची कला आईकडून शिकावी. शब्द काहीही असोत, तोंडावर रेषा बदलत नाही. समोरच्याला वाटतं, बाई आपलं कौतुकच करतेय. एकदा मेट्रोत तिने समोरच्या मुलाच्या केसांवरून टोमणा मारला, तर तो उठून उभा राहिला. “बसा मावशी, मी नांदेडचाच आहे.” परीक्षेच्या तयारीला आलेला पोरगा. आई पुढच्याच स्टेशनला उतरली, आमचं स्टेशन नसताना. पण खोड गेली का? छे! जित्याची खोड.

घरात तिच्यासमोरही आईचं तेच चाले. हिंदीत “और लो ना बेटा” आणि तोंड न वळवता मराठीत मला, “केस किती ते मोकळे, आमटीत पडतील.” मी हसू दाबायचे. दादा डोळे वटारायचा.

एका रविवारी ती गेममधला जिना चढत होती आणि मी सवयीने स्वतःशीच पुटपुटले, “थांब, वरच्या पायरीवर अजून एक उभा आहे.” ती थांबली. मी तिच्याकडे पाहिलं. मग मुद्दाम हळूच म्हणाले, “उजवीकडच्या पिंपामागे लप.” ती लपली. आई तेव्हा स्वयंपाकघरात होती. मी तोंडावर हात ठेवला, तर ती डोळे मिचकावून म्हणाली, “कामून हसायलीस?”

‘कामून’ म्हणजे ‘का’, हे मला माहीतच नव्हतं! दिल्लीत वाढलेलं माझं मराठी ते काय. तिच्या बिल्डिंगमध्ये परभणीची एक मुलगी राहायची, तीही परीक्षेवाली. तिच्याकडून ही पट्ठी कित्येक महिने मराठी शिकत होती. दादालासुद्धा पत्ता नव्हता. पाडव्याला आई श्रीखंड वाढायला आली की, “आई, मला अजून थोडं वाढा ना,” असं म्हणून सगळ्यांना थक्क करायचं, असा तिचा बेत. तिने ते वाक्य मला म्हणून दाखवलं. ‘अजून’मधला आपला ज तिला जमत होता, मला काय आनंद झाला! “आंटी को मत बताना, प्लीज,” ती म्हणाली. आणि मी शब्द दिला.

मग तर आमची चंगळच झाली. आई तिच्यासमोर काहीबाही बोलायची, आम्ही दोघी टीव्हीकडे बघत ओठ आवळून बसायचो. “हिच्या आईने हिला पोळी लाटायला शिकवली नाही वाटतं,” म्हटल्यावर ती पुढच्या रविवारी बरेलीच्या आपल्या आईला फोनवर विचारून, सराव करून आली आणि लाटणं हातात घेतलं. आई चकित. मला वाटलं, वा, काय खेळतेय ही! आई बोलते ते हिला कळतं, हे आईला सांगून टाकावं असं एकदा मनात आलं होतं. पण सांगितलं असतं तर तिचा पाडवा गेला असता, आई कानकोंडी झाली असती, घरात घंटा वाजली असती. मी आपली नेहमीसारखी. कशाला हात लावायचा?

थंडीचे दिवस होते. दुपारचं ऊन गॅलरीतून सतरंजीपर्यंत येत होतं आणि आई मटार सोलत बसली होती. दादा खाली स्कूटर धुवत होता. आम्ही दोघी खेळत होतो, कंट्रोलर तिच्याकडे होता, ती माळ्याच्या कपड्यांत होती. पुण्याहून मावशीचा फोन आला. आईने तो खांद्याला लावून मानेने धरला. आधी सगळं गुडघे, लग्नं, कोणाचं काय. मग मावशीने विचारलं असणार.

“हो गं, आली आहे. इथेच बसलीय समोर.” आई तिच्याकडे बघून हसली. तीही हसली. “पोरगी वाईट नाही. पण आपल्या घरात कशी चालेल सांग? चार माणसांत काय सांगायचं मी? त्याचं खूळ आहे, उतरेल. मी कशाला वाईट होऊ? तोवर गोड बोलायचं, खाऊपिऊ घालायचं. आपोआप जाईल.”

हे बोलता बोलता आईने सोललेल्या मटारची वाटी तिच्यापुढे सरकवली. “खाओ बेटा, मीठे हैं.”

मी तेव्हा एकच गोष्ट करायला हवी होती. “आई!” एवढं ओरडलं असतं तरी पुरे होतं. फोन हिसकावायचा, वाटी सांडायची, काहीही. दादा असता तर घर डोक्यावर घेतलं असतं त्याने. मी टीव्हीकडे बघत राहिले. स्क्रीनवर तिचा माळी झाडू मारत होता. मुकादम कधीच निघून गेला होता, तरी झाडतच होता. मी ‘चल आता’ म्हणाले नाही. मी वाट बघत होते, हे सगळं कोणाला न कळता निघून जाईल म्हणून.

तिने चार दाणे खाल्ले. “हाँ आंटी, मीठे हैं,” म्हणाली. लेव्हल पुरी केली, चहासुद्धा घेतला. मी तिला खाली सोडायला गेले, तेव्हा जिन्यात ती थांबली आणि शुद्ध मराठीत म्हणाली, “त्याला सांगू नकोस. तो आईशी भांडेल.” इतकंच. माझ्याशी बोललेलं तिचं ते शेवटचं मराठी.

दोन-तीन रविवार तिला ‘काम’ होतं. मग तिने हैदराबादला बदली मागून घेतली. दादाला सांगितलं, आपलं नाही जमणार. तो भांडला, रडला, हैदराबादला जाऊन आला. घंटा वाजल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही त्या माझ्या भावाला घंटा कुठे वाजली तेच कळलं नाही. “यार, झालं काय, निदान कळू तरी दे,” असं तो माझ्यासमोर बसून म्हणायचा, आणि मी त्याला पाणी आणून द्यायचे. तिलाही शब्द दिला होता ना मी. शब्दाची मी फार पक्की. पाडव्याला आईने श्रीखंड केलं. कोणीच पुन्हा मागितलं नाही.

आता स्थळं येतात. दादा फोटोसुद्धा बघत नाही. रविवारी जेवतो आणि खोलीत जातो, गेमला हात लावत नाही. मी कधी एकटीच खेळते. मध्यंतरी माळ्याचे कपडे घालून पाहिले, पहिल्याच वळणावर ओळखली गेले. सवय लागते त्याला.

गेल्या रविवारी आई पुन्हा मटार घेऊन बसली होती. दादाचं ताट तसंच होतं, अर्धी पोळी टाकलेली. आई त्या पोळीकडे बघत म्हणाली, “तीच बरी होती गं. पोळ्या काय छान लाटायला लागली होती. मला सवय व्हायला लागली होती तिची. मी म्हणणारच होते याला, कर बाबा. मराठीचं काय, महिन्याभरात शिकवली असती मी तिला.”

मला राहवलं नाही. “तिला येत होतं, आई.”

“काय?”

“मराठी. सगळं कळत होतं तिला.”

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. एकेक रविवार तिच्या डोळ्यांसमोरून जात असणार, केस, आमटी, पोळ्या. मग म्हणाली, “म्हणून गेली का? मी काय बोलले होते गं असं?”

तिला आठवतच नव्हतं! मला शब्द न् शब्द पाठ होता. मी सांगितला. मावशीच्या फोनपासून मटारच्या वाटीपर्यंत. आईच्या चेहऱ्यावरची रेषा बदललेली मी पहिल्यांदा पाहिली. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर मावशीवर ढकलेल, नाहीतर तिलाच बोल लावेल, की चोरून ऐकत होती म्हणून. तिने यातलं काहीच केलं नाही. शेंग परातीत टाकली आणि माझ्याकडे बघून, अगदी साधेपणाने, खरंच कळत नसल्यासारखं विचारलं,

“आणि तू तिथेच बसली होतीस ना? मग तू का नाही गं मला अडवलंस?”