मावशीचे तपकिरी मोजे

शांतामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी आदिलाबादच्या कचेरीत जेवणाचा डबा उघडत होतो. तिच्या शेजारची बाई बोलत होती. "खुर्चीतच बसल्या होत्या हो... चहा तसाच कपात." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : "पायात मोजे होते का?" बाईनं "काय?" म्हणून पुन्हा विचारलं. दुःखानं याचं डोकं फिरलं असं तिला वाटलं असेल. डोकं ठिकाणावर होतं. वर्षभर मला त्या मोज्यांचा संशय होता.

संशय घ्यायला मावशीनंच शिकवलं म्हणा ना. माझ्या आईची ही धाकटी बहीण. सरकारी दवाखान्यात हृदयाच्या रोग्यांच्या वॉर्डात तिची सारी नोकरी गेली. माणूस स्वतःच्या तब्येतीबद्दल खरं बोलतो यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "कसं काय, बरं हाय ना?" असं तिनं कोणाला विचारल्याचं मला आठवत नाही. ती विचारायची, "झोपताना उशा किती लागतात?" काळीज थकलं की आडवं झाल्यावर दम लागतो, म्हणून. बोलता बोलता तिचे डोळे समोरच्याच्या मानेवरच्या शिरेवर असायचे. आल्या आल्या घेतलेलं बीपी ती खरं धरायची नाही, चहापाणी झालं की पुन्हा पट्टा गुंडाळायची. कोणी म्हणालं, मी मीठ खातच नाही, तर सरळ त्याच्या बायकोला विचारायची, "लोणचं कोण खाते मंग?"

तिच्या हातून मला पहिला धक्का बसला तो बेल्यात, आमच्या गावी. मी नुकताच पदवीधर झालो होतो. आमच्या घराण्यातला पहिला, हे मी आजही मान वर करून सांगतो. मावशी अभिनंदनाला आली आणि मला घेऊन गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे गेली. आमची आजी त्यांच्याच वावरात कापूस वेचायला जायची. घरचा म्हातारा बाजेवर बसलेला. मावशी थेट त्याच्या पायाशी वाकली. आणि वाकलेलीच राहिली. म्हातारा खूश, म्हातारी त्याहून खूश. "नर्स झाली पण रीत नाई विसरली पोरगी!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्ही जय भीम म्हणणारी माणसं, कोणाच्या पाया पडत नाही. आजीनंसुद्धा ते केव्हाच सोडलं होतं.

बाहेर पडल्यावर मी रस्त्यातच भांडलो. "तू सरकारी नोकरीची बाई, अन् त्या बुढ्याच्या पायाशी?"

"डाव्या पायाची नाडी नाई लागली मले," ती म्हणाली. "थंडगार हाय पाय. नख दाबलं तं लाली लवकर परत येत नाई. उजवा चांगला गरम हाय. निघताना त्याच्या पोराले सांगतलं, उद्याच दवाखान्यात आण म्हणून."

"मग तपासते असं सांगायचं!"

"सांगतलं का बुढा धोतर खाली ओढते. पाया पडते म्हटलं का दोनी पाय आपणहून पुढं करते." मग हसून म्हणाली, "माही मान तुले दिसली. माही बोटं कुठं होती थे नाई दिसलं. एवढा शिकला काऊन मंग?"

मला ते पटलं नव्हतं, आजही पुरतं पटलेलं नाही. पण म्हाताऱ्याचा पाय वाचला, हे खरं. पुढे तर तिची पद्धतच झाली. कुठल्याही घरी गेली की म्हाताऱ्या माणसाच्या पायाशी बसायची, पावलावर बोटं, घोट्यावर अंगठा. अंगठा उचलल्यावर मांस लगेच वर आलं तर ठीक. खड्डा तसाच राहिला तर मावशीचा चेहरा बदलायचा... अंगात पाणी साचतंय, काळीज थकलंय. आणि नेहमी दोन्ही पाय. एकाच पायाला सूज असेल तर दुखणं निराळं, म्हणायची.

अशा बाईनं निवृत्तीनंतर मोजे चढवले. जाड, तपकिरी. आदिलाबादच्या उन्हाळ्यात, कूलरसमोर. विचारलं तर "थंडी वाजते." तिच्या खोलीत पलंगावरची चादर कधी चुरगळलेली दिसेना आणि खुर्चीच्या पाठीला मात्र उशी बांधलेली. मी म्हणालो, "मावशी, झोपतेस कुठं? पाय दाखव बरं." तर माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तुही डिग्री पायाची हाय का बे?" विषय संपला.

ती गेली त्या दिवशीच कुजबूज सुरू झाली. "लोकायचे पाय दाबले जिंदगीभर, सोताचं काळीज नाई समजलं?" कोणी दवाखान्यावर शंका घेतली, कोणी गोळ्यांवर. मला संशय आला सरोजम्माचा. मावशीच्या वॉर्डातली तिची जुनी सोबतीण, आणि ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती. काही दिवसांनी मी तिच्या घरीच गेलो.

"मालूम था उसको," सरोजम्मा म्हणाली. "सब मालूम था. नागपूर जाती थी, दवाई बराबर लेती थी. ऑपरेशन को नै बोली." मग घरी का नाही सांगितलं? सरोजम्मा थोडी चिडलीच. "अय्यो, नर्सच बीमार है करके मालूम पडा तो कौन पैर देता उसके हाथ में?"

मला हे कारण अपुरं वाटलं. एवढ्यासाठी कोणी सख्ख्या बहिणीपासून लपवतं? मन मानेना. ते मानलं आमच्याच घरात.

आईला हृदयाच्या गोळ्या मावशीनंच डॉक्टरकडून सुरू करून दिल्या होत्या. मावशी गेल्यानंतर आईनं तिचे मोजे मागून घेतले आणि घालू लागली. "आठवण हाय तिची." मी घालू दिले. पण ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपू लागली तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

"गोळ्या घेतेस ना?"

"घेते."

"खरं सांग."

"तिले लागू झाल्या का, त मले होतील?" आई एकदम म्हणाली. "थे एवढी हुशार. सोता नाई वाचली."

म्हणजे मावशीनं जे ओळखलं होतं ते हेच. गाव राहू द्या, तिच्या सख्ख्या बहिणीचाच गोळ्यांवरचा विश्वास उडाला.

मग मी जमिनीवर बसलो आणि आईच्या पायावर डोकं टेकलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"काऊन बे? आपल्यात कधीपासून पाया पडून राह्यले?"

मी मोजा उतरवला. घोट्याभोवती रबराचा खोल वळ. त्याच्या वर अंगठा दाबून धरला, मग उचलला. खड्डा तसाच राहिला. आई त्याच्याकडे बघत होती, मीही. तो भरून येईना...

"गाडी काढतो, डॉक्टरकडे जाऊ," मी म्हणालो.

 आईनं दुसरा मोजा स्वतःच उतरवला आणि पाय माझ्यापुढे केला.

"हा बी पाह्य. शांता दोनी पाहे."